न दिसणारा छापा

“दिसत न्हाई ते छापायचं म्हंजे पाण्यावर नाव लिवल्यागत झालं की ओ मॅडम!”

पंधरा वर्षं होत आली, तरी तो आवाज कानात तसाच आहे. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी हलकेच वर उचललेला. पुढं अकरा वर्षं आम्ही दोघींनी एकाच टेबलाशी काम केलं, अक्कांची हजारो वाक्यं ऐकली. पण आठवण निघाली की आधी हेच वाक्य येतं.

फाल्गुनातली सकाळ होती. शिरोलीच्या एमआयडीसीतली आमची पत्र्याची शेड दहा वाजताच तापायला लागली होती. अक्कांनी छपाईची फ्रेम उचलून धरली होती आणि खाली टेबलावर प्लास्टिकची पारदर्शक फिल्म पडली होती. रबराची पट्टी तिच्यावरून नुकतीच सरकली होती, शाई जाळीतून खाली उतरली होती, आणि फिल्म मात्र जशी होती तशी. स्वच्छ. जणू तिला कुणी शिवलंच नव्हतं.

“छापलंय की नाही ते मीटर सांगेल, अक्का,” मी म्हटलं.

“ते चार सुयांचं? मग माझ्या डोळ्यांनी काय करायचं? त्यास्नी पेन्शनीत काढू?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. फिल्म उजेडाकडं धरली, तिरकी केली, उलटी केली. तीस वर्षं छपाई केलेली बाई. रुकडीत घराच्या पडवीत टेबल टाकून लग्नपत्रिका छापल्या, गुळाच्या खोक्यांवरची लेबलं छापली, कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांची चिन्हं एकाच रात्रीत छापून दिली. हाताखालून गेलेला प्रत्येक छापा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. आणि आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर कुणी म्हणत होतं, छापा, पण बघू नका.

त्यांचं नाव पद्मावती मगदूम. सगळे अक्का म्हणत. कोल्हापूरकडच्या बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी करतो’ असंच बोलायच्या. मी जुन्नरची, त्यामुळं पहिले दोन दिवस मला ते ऐकून गंमत वाटायची. तिसऱ्या दिवसापासून मीच घरी फोनवर ‘जेवलो गं आई’ म्हणायला लागले.

शाई माझी होती. म्हणजे मी बनवलेली. बाटलीत ती दुधाच्या निवळीसारखी दिसायची, आणि हलवली की आत रेशमाची लड वळल्यासारखी चमक फिरायची. तिच्यात चांदीच्या तारा होत्या. केसाचे उभे हजार भाग केले तर त्यातला एक, एवढ्या बारीक. त्या फिल्मवर एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या की त्यांचं जाळं व्हायचं. वीज त्या जाळ्यावरून पळायची आणि उजेड त्याच्या भोकांतून आरपार जायचा. म्हणून फिल्म दिसायला काचेसारखी, वाकवली तर कापडासारखी, आणि आतून मात्र तारेसारखी जिवंत.

ती कशासाठी, तर कोल्हापुरातल्या एका शाळेसाठी. बोलता न येणाऱ्या मुलांची शाळा. आमच्या शिरगुप्पे सरांच्या डोक्यात एक साधी कल्पना होती: चित्रांचं पान घ्यायचं, त्यावर आमची फिल्म पसरायची, कडेला एक छोटी डबी जोडायची. मुलानं पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की डबी म्हणणार, ‘मला पाणी हवंय.’ फिल्म आरपार दिसली पाहिजे, कारण खालचं चित्र दिसायला हवं. वाकली पाहिजे, कारण मुलं ती चुरगाळणार, मांडीखाली घेणार, दप्तरात कोंबणार. बाजारात मिळणारी काचेची पाटी पहिल्याच दिवशी फुटली होती.

कंपनी कसली, तिघांचा संसार. सर, मी आणि अक्का. सरांच्या बहिणीची लग्नपत्रिका अक्कांनी छापलेली. तिच्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यातली केसाएवढी रेघ बघून सर त्यांच्या दारात गेले होते.

पहिल्या आठवड्यात तळहाताएवढे बारा तुकडे छापले. अक्का छापायच्या, भट्टीत वाळवायच्या, भट्टीमागच्या रॅकवर एकेक उभा करायच्या. संध्याकाळी मी गठ्ठा घेऊन मीटरपाशी बसायचे. विजेला होणारा अडथळा तो मोजायचा; आकडा साठच्या खाली आला तर पास. बाराच्या बारा पास झाले. पन्नास, अठ्ठेचाळीस, बावन्न, पंचेचाळीस.

शिरगुप्पे सर टेबलावर थाप मारून म्हणाले, “ठोंबरे मॅडम, आता मागं बघायचं नाही!” आणि तिथल्या तिथं शाळेला फोन लावला. पुढच्या पुढच्या गुरुवारी येतो, बारा मुलांसाठी बारा पूर्ण पानं घेऊन येतो. त्याच दिवशी पुण्याहून मदत देणाऱ्या संस्थेची माणसंही येणार होती. त्यांना पटलं तर शेड चालणार, नाही तर कुलूप.

आणि मग मी एक शहाणपणा केला.

पूर्ण पानाची छपाई सुरू होण्याआधी मी सगळे तुकडे भिंगाखाली घातले. एकावर तांबूस कण सापडला. सुपारीचा. अक्कांच्या गालात दिवसभर सुपारीचं खांड असायचं.

“अक्का, हे काय?”

त्यांनी भिंगातून पाहिलं. “अगं बया. केवढं दिसतंय हे! दगूड पडल्यावानी.”

“उद्यापासून तोंडाला मास्क. फिल्मच्या जवळ तोंड न्यायचं नाही. हातभर लांबून काम करायचं. चांदी आहे ती, तिला काही चालत नाही.”

“बरं.”

एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मास्क लावून, सुपारी घरी ठेवून आल्या. दुपारी मास्कच्या आतून, पट्टी ओढता ओढता, बारीक आवाजात सुरू झालं. त्यांच्या ओव्या पाठ केलेल्या नसत; हात फिरेल तशा होत.

“शिकली बाई माझी, तिच्या डोळ्याला भिंग गं,
काचेच्या कागदावर शोधी चांदीचं अंग गं!”

“ऐकू येतंय मला, अक्का.”

“ऐकू येऊ दे की. मास्क तोंडाला लावलाय, गळ्याला न्हाई.”

त्या संध्याकाळी सहा पानं मोजली. सहाही नापास. साठ राहू दे, आकडा आठशे, नऊशे, एक तर दोन हजारावर. मला वाटलं, मीटर बिघडलं. जुना तुकडा लावून पाहिला, पन्नास. मीटर ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी शाई नवीन केली. नापास. तिसऱ्या दिवशी जाळी बदलली, भट्टीचं तापमान वाढवलं, मग कमी केलं. नापास. मात्र मधूनच एखादं पान असं निघायचं, की सत्तेचाळीस! उरलेली सात आठशेच्या वर आणि हे एकटंच सत्तेचाळीस. तीच शाई, तीच भट्टी, तोच हात. मी वहीत दिवस लिहिला, वेळ लिहिली, हवेतला ओलावा लिहिला. शनिवारपर्यंत पस्तीस पानं झाली होती, त्यातली चार पास. चार पानं, आणि मुलं बारा.

मी जेवेनाशी झाले. अक्का डबा उघडायच्या, भाकरी मोडून शेंगदाण्याच्या चटणीसकट माझ्यापुढं सरकवायच्या.

“खावा. उपाशी माणसाला मीटर बी खोटं बोलतंय.”

“मीटर खोटं बोलत नाही, अक्का.”

“मग खरं काय बोलतंय?”

मी भाकरी परत त्यांच्याकडं सरकवली. मीटर काय बोलतंय ते माझ्या मनात तयार झालं होतं. शाई तीच, जाळी तीच, भट्टी तीच. मग फरक पडतो तो कशात? हातात. पट्टी ओढताना अक्कांचा उजवा खांदा दुखायचा, मधे थांबून त्या तो चोळायच्या. तुकडे लहान होते तेव्हा हात पुरला. पूर्ण पानावर दाब सारखा राहत नसणार. हे पटण्यासारखं होतं. आकडे मांडून दाखवता येण्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर, चूक माझ्या शाईची नाही, हे त्यात होतं.

शनिवारी संध्याकाळी अक्का गेल्यावर मी सरांना एक पानाचं पत्र लिहून दिलं. हाताच्या छपाईत सातत्य नाही. दोष छापणाऱ्या व्यक्तीकडे आहे. मगदूम यांच्याऐवजी पुण्याहून यंत्रावर छापणारा माणूस बोलवावा.

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून डोळे चोळले.

“नक्की?”

“आकडे तसंच सांगतात, सर.”

“पुण्याचा माणूस मंगळवारी येईल, यंत्र घेऊन. फोन करतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “अक्कांना सोमवारी तुम्हीच सांगा. तुमच्याशी त्यांचं जमतं.”

रविवारभर मी वाक्यं जुळवत होते. ‘अक्का, तुमच्या खांद्याला विश्रांती हवी.’ ‘अक्का, हे काम तुमच्याजोगं नाही.’ प्रत्येक वाक्य अर्ध्यावरच खोडून टाकत होते.

सोमवारी मी लवकर गेले. म्हटलं, सर यायच्या आत सांगून टाकू. तर अक्का माझ्याही आधी आलेल्या. टेबल पुसलेलं, जाळी धुतलेली, आणि त्या रॅकपाशी स्टुलावर बसलेल्या. मास्क काढून हातात घेतलेला. डोळे सुजलेले.

“अक्का, मला तुमच्याशी जरा—”

“आधी मी बोलतो, मॅडम. मधी बोलू नका, न्हाईतर माझं धाडस जाईल.”

मी उभी राहिले.

“ह्यो सगळा नास मी केलाय. शाई तुमची चांगली हाय. मीच बाटवली.”

“म्हणजे?”

“मला छापा दिसत नव्हता की ओ!” त्यांचा आवाज फुटला. “तीस वरीस झालं, माल हातातनं सोडायच्या आदी मी बघतोच. रेघ तुटली का, कोपरा गळला का. हितं काय बघू? मग काचेवर कसं, हाऽ करून वाफ दिली की बोटांचे ठसे दिसत्यात, तसं केलं. भट्टीतनं काढायचा, रॅकवर लावायच्या आदी हाऽ करायचं. छापा दिसायचा. पयल्या बारांना समद्यांना दिली. मग तुम्ही त्यो सुपारीचा दगूड दावला, तोंड लांब ठेवा म्हणाला, तवा सोडलं.”

“सोडलं?”

“सोडलं म्हंजे… सोडवंना. तुम्ही चार वाजता च्याला गेलाव की मास्क खाली करायचो आणि एखाद्याला वाफ द्यायचो. एकच. कवा दोन न्हाई. मन मानायचं न्हाई बघितल्याबिगर. आणि मग बाकीचे समदे नापास व्हायला लागले. पैंजण घामानं काळं पडतंय बघा, तसं झालं असणार. एका कागदाची बाधा शेजारच्याला. रातभर झोप न्हाई मला. ती पोरं तिकडं वाट बघत्यात, आणि हितं मी थेरडी वाफा सोडतोय.”

डोळ्यांना पदर लावला. मग पदराच्या आडूनच म्हणाल्या, “ज्यास्नी ज्यास्नी वाफ दिली, त्यांच्या कोपऱ्यात पेनशिलीनं टिंब केलंय. तेवढं टाकून द्या. मला बी काढून टाका. मी काय म्हणणार न्हाई.”

माझी जुळवलेली वाक्यं अजून जिभेवर होती. आता तर म्हणायलाही नको होतं. त्या स्वतःच म्हणत होत्या. ‘बरं, अक्का’ एवढंच म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

पण माझा हात कपाटाकडं गेला होता. पास झालेली चार पानं वेगळ्या फाईलीत होती. पहिलं काढलं. खालच्या कोपऱ्यात टिंब. दुसरं काढलं. टिंब. तिसरं. चौथं. मग नापास झालेला एकतीस पानांचा गठ्ठा घेतला आणि एकेक कोपरा बघत गेले. एकावरही टिंब नव्हतं.

“अक्का.”

“टाकून द्या म्हटलं न्हवं.”

“अक्का, इकडं या. हे करून दाखवा.”

“काय?”

“ते हाऽ.”

“आणि पुन्यांदा?” त्या घाबरल्या. “न्हाई बाई. शपथ घेतलीया मी.”

“माझी शपथ. दाखवा.”

मी एक नापास पान मीटरखाली धरलं. आठशे चाळीस. मग ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पान दोन हातांत तान्ह्या मुलासारखं धरलं, तोंडाजवळ नेलं आणि हळूच, पोटातून, ऊन श्वास सोडला.

हाऽऽ.

आणि काचेसारख्या त्या रिकाम्या पानावर माझा छापा उमलला. चौकोनाला चौकोन जोडलेला, मधून नाजूक देठासारख्या रेघा. जिथं चांदी होती तिथं धुकं वेगळं, जिथं नव्हती तिथं वेगळं. दोन वर्षं मी ही नक्षी संगणकावर पाहिली होती, भिंगाखाली तिचे तुकडे पाहिले होते. अख्खी अशी, हातात, कधीच पाहिली नव्हती. कडेकडून ती विरत आली, आत आत सरकली, मधल्या चौकोनावर पळभर थांबली आणि गेली.

“दिसली?” अक्कांनी कुजबुजत विचारलं.

मी पान घेतलं, मीटरखाली ठेवलं. सुया टेकवल्या.

एक्कावन्न.

“किती?” अक्का.

“एक्कावन्न.”

“म्हंजे वाईट?”

“म्हणजे पास, अक्का! पास!”

त्यांनी गठ्ठ्यातलं दुसरं पान उचललं. नऊशे दहा. हाऽऽ. एकोणपन्नास. तिसरं. हाऽऽ. त्रेपन्न.

असं का होतं ते मला तेव्हाच्या तेव्हा अर्धं कळलं, उरलेलं पुढं महिनाभर वाचून. तारांवर एक पातळ साय असते, शाईतच लागते ती, तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. वाळल्यावर त्या सायीमुळं तारा एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या राहतात. भेट होते, मिठी होत नाही. त्यांच्या सांध्यांत पाण्याचा अंश शिरला, की वाळता वाळता ते पाणी त्यांना जवळ ओढतं. ओल्या केसांच्या बटा कशा आपोआप एकत्र येतात, तसं. आणि चांदी चांदीला एकदा नीट भेटली की मग सोडत नाही. कोल्हापूरच्या कोरड्या फाल्गुनात ते पाणी कुठून येणार? एका बाईच्या श्वासातून आलं होतं. आणि त्या श्वासावर मी मास्क बांधला होता.

“मॅडम, मला चक्कर येतीया,” सातव्या पानाला अक्का म्हणाल्या.

“बसा. मी करते.”

“तुमाला जमायचं न्हाई. तुम्ही फुकताय. चुलीवर फुकल्यागत. पोटातनं काढा, ऊन ऊन. आरशावर करतो बघा, तसं.”

“हाऽ.”

“थुकू नका!”

आम्ही दोघी स्टुलावर शेजारी शेजारी बसलो होतो, हातात एकेक पान, तोंडं उघडी. हाऽऽ, हाऽऽ. मधेच एकीला हसू फुटायचं, की दुसरीचा श्वास वाया. दारात शिरगुप्पे सर कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

“काय चाललंय हे?” ते म्हणाले. “दम लागलाय का दोघींना?”

“सर,” मी उठून म्हटलं, “पुण्याच्या माणसाला नको म्हणून सांगा.”

अक्का पान पुसायच्या कापडानं घाम टिपत होत्या. त्यांना पुण्याचा माणूस कोण, काही ठाऊक नव्हतं. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मीटरकडं पाहिलं, आणि खिशातून फोन काढत बाहेर गेले. दुपारी त्यांनी मला आपल्या टेबलाशी बोलावलं. शनिवारचं माझं पत्र खणातून काढलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

“झालं,” ते म्हणाले. “हे तुम्ही लिहिलं नाही, मी वाचलं नाही.”

गुरुवारी आम्ही बारा पानं घेऊन शाळेत गेलो. तेरावं एक जादा घेतलं होतं. अक्का इरकली नेसून आल्या होत्या, पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, शाळेच्या विश्वस्त असाव्यात.

वर्गात सतरंजीवर मुलं बसली होती. पहिलं पान गौतमीपुढं ठेवलं. आठ वर्षांची, तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, डोळे असे की समोरच्याचं बोलणं ओठांतून उचलून घेतील. सगळं ऐकायची, सगळं समजायची. जन्मल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. पानावर सहा चित्रं होती. पाणी, खाऊ, खेळ, आई, हो, नको.

तिच्या बाईंनी पाण्याचं भांडं पुढं केलं. “गौतमी, पाणी हवंय?”

गौतमीनं पान न्याहाळलं. बोट पाण्याच्या चित्राकडं गेलं. बोट तिथून वळलं, खाली आलं, कोपऱ्यात टेकलं.

डबी म्हणाली, ‘मला नको.’

बाई जरा गोंधळल्या. “बरं. खाऊ देऊ? बिस्कीट?”

‘मला नको.’

“खेळायचं?”

‘मला नको.’

आणि गौतमी हसली. आवाज नव्हता त्या हसण्याला, पण अख्खं अंग हसत होतं, वेण्यासुद्धा. आठ वर्षं समोर येईल तो घास गिळलेली, हात धरून नेतील तिथं गेलेली पोर. तिला पहिल्यांदा नकार देता येत होता. तिनं सरांकडं बघून ‘नको’ म्हटलं, पुण्याच्या पाहुण्यांकडं बघून ‘नको’ म्हटलं, माझ्याकडं बघून तर दोनदा. मग पान गुंडाळून काखेत मारलं, सतरंजीभर फिरून आली, परत उलगडलं, आणि पुन्हा दाबलं. चाललं.

“लई गुणाची पोर,” अक्का डोळे पुसत म्हणाल्या. “आमच्या घरात आसली एक तरी हुती का? समद्या ‘हो हो’ म्हणून मेल्या.”

पाहुणे शाळा बघायला गेले, सर त्यांच्याबरोबर. आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. कडूनिंबाची पिवळी पानं अंगणात पडत होती. आतून डबीचा आवाज येत होता. आता बाराही सुरू झाल्या होत्या. पाणी, आई, नको, खाऊ, आई, नको. अक्कांनी कनवटीची सुपारी काढली, एक खांड मला दिलं. मी कधी खात नाही. त्या दिवशी घेतलं.

सुपारी चघळता चघळता त्या म्हणाल्या, “एक सांगू काय?”

“सांगा की.”

“सरांनी इचारलं असतं ना, तर मी बोललो नसतो. मेलो असतो तरी. मोठ्या माणसापुढं चूक सांगायची म्हंजे जीभ टाळ्याला चिकटते. पर तुमच्याकडं बघून धाडस झालं. सा दिवस तुम्ही कोमेजून बसला हुता. अन्न गोड लागंना, झोप न्हाई. आणि तरी, पोरी, एकदा बी माझ्याकडं बोट दावलं न्हाईस. शाईला नाव ठेवलंस, भट्टीला ठेवलंस, माझ्या हाताला न्हाई. म्हटलं, ही एवढा इश्वास ठेवतीया, तर हिच्यापाशी लपवायचं कशाला?”

‘मॅडम’ची ‘पोरी’ कधी झाले ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला; खांदा दुखत असूनही, उजवा.

पत्राचे चार तुकडे सोमवारीच कचऱ्यात गेले होते. सर बोलणारे नव्हते. अंगणात ऊन उतरत चाललं होतं, आत मुलं नको नको म्हणून आनंदात होती, आणि मला नुसतं हसून मान हलवता आली असती. मी सुपारी गालात एका बाजूला सारली.

“अक्का, बोट दाखवलं होतं मी. शनिवारी सरांना लिहून दिलं होतं, की पानं बिघडतात ती तुमच्या हातामुळं, तुमच्या जागी दुसरा माणूस आणा. आणि सोमवारी सकाळी मी आले ना, ती तुम्हाला ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगायलाच आले होते.”